रिपब्लिकन प्रायमरी: 'निवडून येणारा कोण' यावर उजवे लेखकच एकमेकांशी का भांडतात?

मांजराकाठची (लातूर)

नमस्कार. मी एम.ए. राज्यशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. लघुप्रबंधासाठी विषय घेतलाय: पक्ष उमेदवार कसा ठरवतात, अमेरिकेतली प्रायमरी (म्हणजे पक्षाचा उमेदवार मतदारांनीच मतदान करून ठरवायचा) आणि आपल्याकडचं तिकीटवाटप. अमेरिकेच्या भागासाठी २०१२ ची रिपब्लिकन प्रायमरी धरली आहे. त्या वेळचे लेख वाचायला घेतले आणि गाडी एका जागी अडकली.

या सगळ्या उजव्या लेखकांना, रेडिओवाल्यांना ओबामा हरायला हवे होते. कर कमी करा, सरकारचा खर्च कमी करा, आरोग्यविम्याचा कायदा रद्द करा, यावर त्यांच्यात फारसं दुमत नव्हतं. पण 'आपल्यातला कोण ओबामांना हरवू शकेल' हा प्रश्न आला की एकाचं दुसऱ्याशी जुळत नाही. 'रेडस्टेट' या उजव्या ब्लॉगच्या एरिक एरिक्सन यांनी नोव्हेंबर २०११ मध्येच लिहून टाकलं की मॅसॅच्युसेट्सचे माजी गव्हर्नर रोमनी उमेदवार झाले तर ओबामा जिंकतील. महिनाभरात 'नॅशनल रिव्ह्यू' या उजव्या नियतकालिकानं संपादकीय लिहून दुसरे इच्छुक गिंग्रिच यांना उमेदवारी देऊ नका असं सांगितलं. थॉमस सोवेल यांच्यासारखे मोठे अर्थतज्ज्ञ मात्र गिंग्रिच यांच्या बाजूनं. जॉर्ज विल यांना रोमनीही पटेनात आणि गिंग्रिचही. अ‍ॅन कोल्टर यांचं तर मला कोडंच आहे. फेब्रुवारी २०११ मध्ये त्या भर संमेलनात म्हणाल्या की न्यू जर्सीचे तेव्हाचे गव्हर्नर ख्रिस ख्रिस्टी उभे राहिले नाहीत तर रोमनी उमेदवार होतील आणि आपण हरू. आणि वर्ष सरता सरता त्याच रोमनींसाठी झगडत होत्या.

माझा प्रश्न असा की या 'निवडून येण्याच्या क्षमते'त मोजता येईल असं काही आहे का, की प्रत्येक जण आपल्या आवडीच्या माणसाला तो शिक्का मारतो? मला हे फक्त मार्कांसाठी नकोय. माझ्या आत्याचं पंचायत समितीचं तिकीट 'इलेक्टिव्ह मेरिट नाही' एवढं सांगून कापलं होतं. गावोगाव बचत गट उभे केलेली बाई. तिनं विचारलं होतं, कशावरून नाही? त्याचं उत्तर तिला कुणी दिलं नाही. मला ते उत्तर कसं शोधायचं हे तरी कळावं, एवढीच इच्छा आहे.

बालाघाट (अंबाजोगाई)

ताई, मी कॉलेजात राज्यशास्त्र शिकवायचो, आता निवृत्त आहे. अमेरिकेच्या निवडणुका रात्र रात्र जागून पाहणाऱ्यांपैकी मी एक. तुमचा प्रश्न माझ्या जिव्हाळ्याचा आहे, म्हणून लांब लिहितो.

या भांडणाचं मूळ विल्यम बकली यांच्या एका वाक्यात आहे. १९५५ मध्ये 'नॅशनल रिव्ह्यू' काढलं ते हेच बकली. त्यांचा नियम असा सांगतात की जिंकू शकणाऱ्या उमेदवारांपैकी जो सर्वांत उजवा असेल त्याच्या मागं उभं राहा. ऐकायला सरळ वाटतं. पण यातला 'सर्वांत उजवा' कोण हे ठरवायला फार वेळ लागत नाही, त्याची मतं, भाषणं, सभागृहातलं मतदान समोर असतं. सगळा वाद 'जिंकू शकणारा' या अटीत आहे. ती अट कुणी तपासायची, कशावरून, हे बकली सांगत नाहीत. म्हणून दोन्ही बाजू त्याच वाक्याची शपथ घेऊन एकमेकांशी भांडतात.

आता माझं म्हणणं. राज्याच्या निवडणुकीत हा अंदाज बांधता येतो, आणि तो बांधणारे बऱ्याचदा बरोबर ठरलेत. राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीत तो बांधता येत नाही, आणि तिथं जे लोक छातीठोकपणे सांगतात ते आपली आवड सांगत असतात.

राज्याचं आधी बघू. २०१० साली डेलावेअरमध्ये सिनेटच्या जागेसाठी माइक कॅसल उभे होते. राज्याचे माजी गव्हर्नर, तेव्हाचे खासदार, डेमोक्रॅट मतदारांनीही त्यांना वर्षानुवर्षं मत दिलेलं. त्यांच्यासमोर प्रायमरीत क्रिस्टीन ओडॉनेल. २००८ च्या उपराष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवार सेरा पेलिन ओडॉनेल यांच्या बाजूनं. स्तंभलेखक चार्ल्स क्राउटहॅमर यांनी बकलींचाच नियम काढून सांगितलं की हे चुकतंय. बुश यांचे सल्लागार राहिलेले कार्ल रोव्ह यांनी टीव्हीवर तेच सांगितलं तर त्यांच्यावर आपलेच लोक धावून गेले. रश लिंबॉ यांनी रेडिओवर उलटा नियम मांडला: लोक डाव्यांना विटलेले असतात त्या वर्षी सरळ सर्वांत उजव्याला मत द्या. ओडॉनेल प्रायमरी जिंकल्या आणि नोव्हेंबरात ख्रिस कून्स यांच्याकडून सोळा टक्क्यांहून जास्त फरकानं हरल्या. हाताशी आलेली जागा गेली. इथं क्राउटहॅमर बरोबर होते, कारण त्यांच्याकडं पुरावा होता. कॅसल यांना त्याच राज्यातल्या त्याच लोकांनी पुन्हा पुन्हा मत दिलेलं होतं. ओडॉनेल २००८ मध्ये तिथंच बायडन यांच्याकडून हरल्या होत्या.

२०१२ चं तर याहून बोलकं आहे, आणि ताई, तुमच्या प्रबंधात हे यायलाच पाहिजे. इंडियानात रिचर्ड लुगर १९७७ पासून सिनेटर. प्रायमरीत रिचर्ड मर्डॉक यांनी त्यांना पाडलं. नोव्हेंबरात त्याच इंडियानात, त्याच दिवशी, त्याच मतपत्रिकेवर रोमनी दहा टक्क्यांनी जिंकले आणि मर्डॉक हरले. मिझुरीतही तसंच. रोमनी नऊ टक्क्यांहून जास्त फरकानं पुढं आणि सिनेटचे उमेदवार टॉड एकिन पंधरा टक्क्यांहून जास्त फरकानं मागं. मर्डॉक आणि एकिन या दोघांनीही बलात्कारातून होणाऱ्या गर्भधारणेबद्दल अशी विधानं केली की पक्षाच्या पक्क्या मतदारांनीही तेवढ्यापुरती पाठ फिरवली. वर्ष एक, राज्य एक, पक्ष एक, मतदार तेच. फरक फक्त उमेदवाराचा. उमेदवारामुळं किती मतं जातात हे मोजायला याहून स्वच्छ उदाहरण मला तरी सापडलेलं नाही.

मिझुरीचं आणखी एक सांगतो. डेमोक्रॅट सिनेटर क्लेअर मकॅस्किल यांनी रिपब्लिकन प्रायमरी चालू असताना स्वतःच्या प्रचाराच्या पैशानं जाहिराती दिल्या की हे एकिन फार म्हणजे फारच उजवे आहेत. हेतू हा की उजव्या मतदारांनी ते ऐकून एकिन यांनाच निवडावं. तसंच झालं. म्हणजे कोण पडणार आहे हे विरोधकाला बरोबर कळलं होतं आणि त्यावर तिनं पैसे लावले. राज्याच्या पातळीवर ही गोष्ट ओळखता येते ती अशी.

आता राष्ट्राध्यक्षपदाकडं या. १९८० च्या मार्चमध्ये माजी राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांनी उघड सांगितलं की रेगन फार उजवे आहेत, देशभर निवडून येऊ शकत नाहीत. नोव्हेंबरात रेगन ४४ राज्यं जिंकले, ४८९ इलेक्टोरल मतं (राज्यनिहाय मिळणारी, राष्ट्राध्यक्ष ठरवणारी मतं). १९९६ मध्ये बॉब डोल, २००८ मध्ये मकेन, २०१२ मध्ये रोमनी, हे तिघेही 'मधल्या मतदाराला चालणारे' म्हणून पुढं आणलेले. तिघेही हरले. २०१६ मध्ये सतरा जणांच्या गर्दीत ज्याला जाणकारांनी सर्वांत आधी बाद केलं तो जिंकला.

आणि मतदारही याच चक्रात अडकतो. २०१२ मध्ये मतदान करून बाहेर पडणाऱ्यांना विचारलं होतं की उमेदवारातला कोणता गुण महत्त्वाचा. 'ओबामांना हरवू शकेल' असं सांगणाऱ्यांत २१ जानेवारीला साउथ कॅरोलायनात गिंग्रिच पुढं होते. ३१ जानेवारीला फ्लोरिडात तेच उत्तर देणाऱ्यांत रोमनी पुढं. दहा दिवसांत रोमनी किंवा गिंग्रिच यांच्यात काय बदललं? साउथ कॅरोलायनाच्या आधीच्या वादसभेत गिंग्रिच यांनी पत्रकाराला फटकारलं, टाळ्या पडल्या. फ्लोरिडात रोमनींनी जाहिरातींवर पैसा ओतला आणि वादसभांत ते आक्रमक झाले. लोकांनी ताज्या विजेत्याला 'जिंकणारा' म्हटलं, एवढंच.

रोमनींचंच बघा. २००८ च्या प्रायमरीत 'नॅशनल रिव्ह्यू'नं त्यांना खरा उजवा उमेदवार म्हणून पाठिंबा दिला होता. लिंबॉही त्यांच्या बाजूला झुकले होते. चार वर्षांनी तोच माणूस 'मवाळ पण निवडून येणारा' झाला. मॅसॅच्युसेट्समधला त्यांचा आरोग्यविम्याचा कायदा २००६ चा, म्हणजे तो दोन्ही वेळा त्यांच्या नावावर होताच. समोरचे प्रतिस्पर्धी बदलले म्हणून शिक्का बदलला.

मला राग कशाचा येतो ते सांगतो. आपल्या मराठवाड्यात कार्यकर्ता तिकिटासाठी मुंबईला खेटे घालतो आणि बंद खोलीत यादी ठरते. तिकडं साध्या माणसाला, शेतकऱ्याला, शाळेच्या बाईला पक्षाचा उमेदवार निवडायचा हक्क आहे. केवढी मोठी गोष्ट आहे ही! आणि हे टीव्हीवरचे लोक त्याला सांगतात की तुला कोण पाहिजे ते विसर, बाकीच्यांना कोण चालेल याचा अंदाज कर आणि त्यावर मत दे. आयोवातल्या माणसानं फ्लोरिडातल्या माणसाच्या मनात काय आहे हे ओळखायचं! त्याला हे कसं कळणार? त्याला स्वतःचं मन कळतं, तेवढं त्यानं सांगावं. प्रायमरी त्यासाठीच आहे.

परभणी_ते_कोलंबस (मूळ परभणी, सध्या ओहायो)

सर, नमस्कार. इंडियाना-मिझुरीचा मुद्दा पूर्ण मान्य. पण राष्ट्राध्यक्षपदाबद्दल तुम्ही जे लिहिलंय ते मला पटत नाही, आणि ते मी इथल्या माणसांकडं बघून सांगतोय.

६ मार्च २०१२ ला ओहायोत प्रायमरी होती. रोमनी आणि आणखी एक इच्छुक, पेनसिल्व्हेनियाचे माजी सिनेटर सँटोरम यांच्यात जेमतेम एका टक्क्याचा फरक पडला, रोमनी जिंकले. माझ्या ऑफिसात एक वयस्क सहकारी होता, दर रविवारी चर्चला जाणारा, गर्भपाताच्या प्रश्नावर अगदी ठाम. मनानं पूर्ण सँटोरम. मतदानाच्या आदल्या आठवड्यात जेवणाच्या सुट्टीत रोज तोच विषय. शेवटी त्यानं रोमनींना मत दिलं. मी विचारलं तर म्हणाला, सँटोरम २००६ मध्ये स्वतःच्या पेनसिल्व्हेनियात सतरा-अठरा टक्क्यांनी पडला, मला नोव्हेंबरात तसं बघायचं नाही. सर, या माणसानं आवड लपवली नव्हती, बाजूला ठेवली होती. त्याला ते जड गेलं होतं, मी बघितलंय. त्याला टीव्हीवाल्यांनी फसवलं असं म्हणणं त्याच्यावर अन्याय आहे.

दुसरं, हरलेल्यांची नावं मोजून काही सिद्ध होत नाही. १९९६ मध्ये अर्थव्यवस्था चांगली चालली होती, क्लिंटन यांना कुणीही हरवणं अवघड. २००८ च्या सप्टेंबरात बँका कोसळल्या, त्या नोव्हेंबरात रिपब्लिकन पक्षाचा कोण जिंकणार होता? डोल आणि मकेन हरले म्हणून त्यांच्या जागी दुसरा कुणी कमी फरकानं हरला नसता असं कसं म्हणता? प्रश्न 'जिंकला की हरला' एवढा नाही, दुसऱ्यापेक्षा किती बरा किंवा वाईट, हा आहे. आणि अंदाज बरोबर ठरल्याचं सर्वांत मोठं उदाहरण तुम्ही सोडलंत: १९६४. गोल्डवॉटर फार टोकाचे आहेत हे पक्षातल्याच लोकांनी सांगितलं होतं. सहा राज्यं मिळाली, ५२ इलेक्टोरल मतं, जॉन्सन यांना ४८६.

आणि एक आकडा, जो इथं कुणाला सांगितला तर चटकन विश्वास बसत नाही. रोमनींना २०१२ मध्ये ४७.२ टक्के मतं होती. ट्रम्प यांना २०१६ मध्ये ४६.१. 'चालणाऱ्या' माणसाला जास्त टक्के पडले आणि तो हरला, 'न चालणाऱ्या'ला कमी पडले आणि तो राष्ट्राध्यक्ष झाला. कारण मतं कुठं पडली हे महत्त्वाचं. पेनसिल्व्हेनिया, मिशिगन, विस्कॉन्सिन ही तीन राज्यं मिळून ट्रम्प यांचा फरक ऐंशी हजारांच्या आत होता. पेनसिल्व्हेनिया आणि मिशिगन १९८८ नंतर, विस्कॉन्सिन १९८४ नंतर पहिल्यांदाच रिपब्लिकनांकडं आलं. म्हणजे 'निवडून येणारा' हा देशभराचा एक आकडा नसतो. बंद पडलेल्या कारखान्यांच्या पट्ट्यात कोण चालेल, हा तो प्रश्न होता. टीकाकार उपनगरातल्या शिकलेल्या मतदाराकडं बघत बसले.

रोमनींच्या बाबतीतही तेच घडलं. 'माझ्यासारख्यांची काळजी करणारा' हा गुण महत्त्वाचा मानणाऱ्यांत ओबामांना ८१ टक्के मतं पडली, रोमनींना १८. खासगी गुंतवणूक कंपनीतून आलेला श्रीमंत माणूस, आणि त्यात ४७ टक्के लोक सरकारवर अवलंबून आहेत असं तो देणगीदारांना सांगतानाची चित्रफीत बाहेर आली. ओहायोत ज्यांच्या घरातल्या नोकऱ्या गेल्या होत्या त्यांना हा माणूस आपला वाटला नाही. ही कमजोरी प्रायमरीतच दिसत होती, गिंग्रिच यांच्या बाजूच्या लोकांनी त्याच कंपनीवरून रोमनींना झोडपलं होतं. तेव्हा उजवेच त्यांच्यावर चिडले की तुम्ही डाव्यांची भाषा बोलताय.

मांजराकाठची

सर, दादा, दोघांचेही खूप आभार. टक्केवारीचा मुद्दा मी वहीत मोठ्या अक्षरात लिहून घेतला.

एक विचारते. मग सरळ जनमत चाचणी का बघू नये? 'हा उमेदवार असेल तर तुम्ही कुणाला मत द्याल' असं विचारणाऱ्या चाचण्या असतातच की. कुणाच्या आवडीचा प्रश्नच उरणार नाही.

बालाघाट

ताई, त्या चाचण्यांत ज्याच्यावर अजून कुणी चिखल उडवलेला नाही तो नेहमी चांगला दिसतो. २०१६ च्या वसंतात जॉन केसिक हे हिलरी क्लिंटन यांच्या पुढं दिसत होते. केसिक स्वतः प्रत्येक सभेत ते सांगत. पण प्रायमरीत त्यांनी एकच राज्य जिंकलं, स्वतःचं ओहायो. केसिक यांच्यावर कुणी पैसा खर्चून फारशा जाहिराती केल्या नव्हत्या, कारण ते कुणाला फार धोक्याचे वाटत नव्हते. उमेदवार झाल्यावर चार महिने रोज मार खाल्ला असता तर तो आकडा तसाच राहिला असता असं मी मानत नाही.

२०२४ मध्ये प्रायमरीत ट्रम्प यांच्यासमोर उभ्या राहिलेल्या निकी हेली यांनीही हेच हत्यार काढलं. बायडन यांच्याविरुद्ध माझी आघाडी ट्रम्प यांच्यापेक्षा मोठी आहे, असं त्या चाचण्या दाखवून सांगत होत्या. त्याआधी २०२२ च्या मध्यावधी निवडणुकीनंतर फ्लोरिडाचे तेव्हाचे गव्हर्नर डिसँटिस यांच्याबद्दल हाच सूर होता. फ्लोरिडा त्यांनी जवळजवळ वीस टक्क्यांनी जिंकलं होतं, कोल्टर त्यांच्या बाजूनं होत्या. १५ जानेवारीला आयोवात ट्रम्प यांना ५१ टक्के पडले आणि विषय तिथंच संपत आला. हेलींना पुढं वॉशिंग्टन शहर आणि व्हर्मॉन्ट एवढंच मिळालं. नोव्हेंबरात ट्रम्प ३१२ इलेक्टोरल मतं मिळवून आले.

परभणीकर, तुमच्या त्या सहकाऱ्याबद्दल तुम्ही लिहिलंत ते वाचून मला त्या माणसाबद्दल आदर वाटला. पण माझा मुद्दा त्यामुळं आणखी पक्का होतो. त्या माणसानं आपल्या मनाविरुद्ध मत दिलं, आणि ज्या कारणासाठी दिलं ते साध्य झालं का? रोमनी ओहायोतही हरले. एवढं मन मारून जर हरायचंच असेल तर निदान आपला माणूस तरी उभा करून हरू द्या. गोल्डवॉटर हरले, खरं आहे. पण त्याच प्रचारात रेगन यांचं टीव्हीवरचं भाषण झालं आणि दोन वर्षांत ते कॅलिफोर्नियाचे गव्हर्नर झाले. एका निवडणुकीच्या हिशेबात हे बसत नाही. बकलींची माणसंही १९६४ मध्ये गोल्डवॉटर यांच्याच मागं होती, हे बकलींचा नियम सांगणारे आज सांगत नाहीत.

सतरा-अठरा टक्क्यांचा तुमचा मुद्दा मात्र मी वेगळा धरतो. तो राज्यातला पुरावा आहे, प्रत्यक्ष पडलेल्या मतांचा. त्याला मी मान देतो. टीव्हीवरच्या 'मला वाटतं'ला देत नाही.

औशाचा_कार्यकर्ता (औसा, जि. लातूर)

ताई, तुम्ही अमेरिकेतली प्रायमरी शोधायलाव, आन् लातुरात प्रायमरी झालती ते तुमच्या सरांनी सांगितलं का नाही?

२०१४ च्या लोकसभेआधी काँग्रेसनं देशातल्या मोजक्या मतदारसंघांत उमेदवार मतदानानं ठरवला. राहुल गांधींची कल्पना. त्यात आपलं लातूर होतं. आपली जागा २००९ पासून अनुसूचित जातीसाठी राखीव. दत्तात्रय बनसोडे त्या मतदानात निवडून आले आन् पक्षाचे उमेदवार झाले. पण मत कोण देऊ शकत होतं ते बघा. पक्षाचे पदाधिकारी, निवडून आलेले लोक. गल्लीतला पक्का मतदार, जो चाळीस वर्षं पंजावर शिक्का मारायलाय, त्याला मत नव्हतं. कोलंबसच्या दादांच्या सहकाऱ्यासारखा साधा माणूस आत जाऊ शकत नव्हता. मग भाजपचे सुनील गायकवाड अडीच लाखांपेक्षा जास्त मतांनी आले. त्या साली मोदींची लाट होती, कुणीही असता तरी पडला असता असं मला वाटतं. त्यामुळं प्रायमरी चांगली का वाईट हे त्याच्यावरून काढू नका.

'हा निवडून येणारच' याचं बोलायचं तर लातूरकरांएवढं कुणी बघितलंय? शिवराज पाटील चाकूरकर १९८० पासून सलग सात वेळा खासदार. दिल्लीत लोकसभेचे अध्यक्ष राहिलेले. २००४ ला रूपाताई पाटील निलंगेकरांनी त्यांना पाडलं. देशात काँग्रेसचं सरकार आलं आन् आमचे साहेब पडले. त्याआधी १९९५ ला विलासराव देशमुख स्वतःच्या लातुरात विधानसभेला पडले, शिवाजीराव पाटील कव्हेकर जनता दलाकडनं आले. चारच वर्षांनी विलासराव मुख्यमंत्री. मी दोन्ही वेळेस बूथवर होतो. मतदानाच्या सकाळपर्यंत गावातला एकही पुढारी 'साहेब पडतील' म्हणत नव्हता. पण चहाच्या टपरीवर बसणारे म्हणायलते. पुढाऱ्यांना का कळलं नाही? कारण लोक पुढाऱ्यासमोर वेगळं बोलतात.

तुमच्या आत्याचं वाचून वाईट वाटलं. त्या बाईंच्या बचत गटाच्या बायका किती गावांत आहेत, मागच्या वेळी त्या गावांत पक्षाला किती मतं पडली, बूथवार यादी काढली असती तर अर्ध्या तासात कळलं असतं. यादी काढतच नाहीत. ज्याच्याकडं गाड्या आन् पैसा, त्याचं मेरिट. मी हे पक्षाच्या बैठकीत उभा राहून बोललोय.

परभणी_ते_कोलंबस

दादा, टपरीचं अगदी खरं. इथं ती जागा केस कापायच्या दुकानाची आहे.

मांजराकाठची, दादांनी सगळ्यात कामाची गोष्ट सांगितली: मत कोण देऊ शकतं. अमेरिकेतही राज्याराज्यात हे वेगळं आहे. फ्लोरिडात प्रायमरी बंद, म्हणजे पक्षाचे म्हणून नोंदवलेलेच मत देतात. साउथ कॅरोलायनात पक्षनोंदणीच नाही, कुणीही एका पक्षाची प्रायमरी निवडू शकतो. न्यू हॅम्पशायरमध्ये कुठल्याच पक्षात नसलेले मतदारही येतात. आयोवात तर संध्याकाळी जमून कॉकस होतो, आणि २०१२ मध्ये त्या रात्री रोमनी आठ मतांनी जिंकले असं जाहीर झालं. नंतर पक्की मोजणी आली तेव्हा सँटोरम ३४ मतांनी पुढं निघाले. पण तोपर्यंत 'रोमनी जिंकणारा उमेदवार' ही बातमी न्यू हॅम्पशायरला पोचून गेली होती. सर म्हणतात ना, ताज्या विजेत्याला लोक जिंकणारा म्हणतात. इथं तर विजेताच चुकीचा जाहीर झाला होता. हे तुमच्या दुसऱ्या प्रकरणात घाला.

मांजराकाठची

लातूरच्या प्रायमरीचं मला खरंच माहीत नव्हतं, सरांनाही उद्या सांगते. आता असं ठरवतेय की टीकाकारांच्या भांडणाला एकच प्रकरण द्यायचं आणि त्यात एरिक्सन, कोल्टर, 'नॅशनल रिव्ह्यू' यांचे दावे त्यांनी दिलेल्या पुराव्यासकट मांडायचे: प्रत्यक्ष पडलेली मतं कुणी दाखवली आणि नुसतं मत कुणी दिलं. मग इंडियाना आणि मिझुरी. मग लातूर, २००४ आणि २०१४.

बालाघाट सर, तुम्ही म्हणता मतदारानं फक्त स्वतःचं मन सांगावं. हे मला मनापासून आवडलं, पण पूर्ण पटलं नाही. माझी आत्या म्हणायची की मी पडले तरी चालेल, पण समोरचा येता कामा नये. ती दुसऱ्याच्या प्रचाराला उन्हातान्हात फिरली. तिला स्वतःचं मन माहीत नव्हतं असं मी कसं म्हणू?

औशाचे दादा, बूथवार यादी कुठं मिळते? तहसीलला अर्ज करावा लागतो का? आत्याच्या गणातल्या गावांची मला काढून बघायची आहे.

औशाचा_कार्यकर्ता

पंचायत समितीची मतदान केंद्रवार मोजणी तहसीलच्या निवडणूक शाखेत विचारा. जुनी असली तर माहिती अधिकारात अर्ज टाका, दहा रुपयांचं तिकीट लावून. लोकसभा-विधानसभेची फॉर्म २० मधली केंद्रवार आकडेवारी मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावर बघा, तिथं मतदारसंघ निवडून सापडते. गावांची नावं आन् केंद्र क्रमांक जुळवायला त्रास होतो, केंद्रं बदलत राहतात. यादी आली की मला कळवा, आपण बसून जुळवू.

बालाघाट

ताई, आत्याबाईंच्या बाबतीत माझ्याकडं उत्तर नाही, आणि मी ते ओढूनताणून देणार नाही. यादी निघाली की मलाही पाठवा. बचत गट असलेली गावं आणि नसलेली गावं वेगळी करा, आणि आत्याबाई ज्याच्या प्रचाराला फिरल्या त्या उमेदवाराला दोन्हींकडं किती पडली ते आधी बघा.